हिरवी तार

न्हाणीघरात विजेवर पाणी तापवणारा एक शॉवर होता आणि त्यातून तीन तारा निघत होत्या. दोन जोडलेल्या. तिसरी, अर्थिंगची हिरवी, मोकळीच लोंबत होती. खाली लोखंडी नळ, आणि झटका न बसता तो फिरवायला खिळ्यावर टांगलेला लाकडी चमचा.

"आज आई येतेय," इव्होनेते नवऱ्याला म्हणाली. "तिच्या छातीत पेसमेकर आहे. ती चमच्यानं अंघोळ करणार का?"

"गुदगुल्या होतात नुसत्या," ओस्मार म्हणाला. "अख्ख्या मिनास राज्यात होतात."

"इलेक्ट्रिशियन बोलाव."

"शॉवर मी बसवलाय. मीच बघतो."

त्याने हिरवी तार पाण्याच्या लोखंडी पाइपाला गुंडाळली. पाइप जमिनीत जातो, वीजही जाईल, असा हिशोब. पण फाटकाजवळचा गंजलेला तुकडा काढून गेल्या वर्षी त्यानेच तिथे प्लास्टिकचा पाइप घातला होता. प्लास्टिकमधून वीज पुढे जाईना. ती घरातल्या सगळ्या नळांत उतरली.

इव्होनेते घेवडा धूत होती. झटका बसला, पातेले उडाले, दाणे लादीभर.

"आधी एकच नळ चावायचा. आता घरभर सोय केलीस."

"तुझ्या मनातली भीती आहे ती." ओस्मारने नळ धरून दाखवला. काही झाले नाही.

"चप्पल काढ."

"लादी गार आहे गं."

"रबरी चप्पल काढ, ओस्मार."

त्याने काढली, नळाला बोट लावले आणि कोपराने कॉफीची किटली पाडली. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारी जेनेझियो ओरडला. दोन्ही घरांना पाइप एकच होता. "अरे गाढवा, माझ्या कपडे धुवायच्या टाकीला काय केलंस?"

या गोंधळात इव्होनेतेची आई दोना दाल्वा केव्हा आत आल्या, कुणालाच कळले नाही. प्रवासाने मळलेला हात त्यांनी नळाकडे नेला.

"आई, थांब."

इव्होनेतेने तो हात हवेतच पकडला. मग तिने मेन स्विच पाडला, शॉवर उचकटून अंगणात फेकला आणि आईसाठी गॅसवर पाणी ठेवले.

जुलैची, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातली संध्याकाळ होती. ओस्मार कॉफीने भिजलेला.

"मलाही एक पातेलं तापव ना."

"गॅस संपत आलाय."

गच्चीवरच्या टाकीतले पाणी अकरा अंश सेल्सियस होते.