बॉम्ब शेल्टरमधलं मटण

प्रबोधने अवनीपुढे हात केला तो जर्कीचा एक तुकडा मिळावा म्हणून. अवनी तेरा वर्षांची, नेटबॉल खेळून आलेली आणि भुकेली. तिने शेवटचा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि बाबांच्या हातावर रिकामं पाकीट ठेवलं. आता रिकाम्या पाकिटाचं माणूस काय करणार? वाचणार. प्रबोधने चष्मा लावून ते वाचलं.

जर्की म्हणजे मसाला लावून सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या. हे प्रबोधला माहीत होतं. पाकिटावर चिकन हा शब्द पहिलाच होता, पण त्याच्यामागे जी वरात होती ती वाचताना प्रबोधचा श्वास लागला. सोडियम अमुक, सोडियम तमुक, तीन आकडी नंबर लावलेले कसले कसले पदार्थ, आणि शेवटी 'परवानगी असलेला रंग'.

"परवानगी कोणी दिली?" त्याने विचारलं.

"कशाला?" त्याची बायको संजीवनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"रंगाला. आपण हे मुलीला खाऊ घालतो?"

"ती तिची घेते. आणि परवा तू नूडल्सच्या पुडीतला मसाला बोटाने चाटत होतास, तेव्हा नाही विचारलंस परवानगीचं."

प्रबोध सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत सिस्टिम्स मॅनेजर होता. ऑफिसात त्याच्या शब्दावर सर्व्हर बंद-चालू होत. घरी त्याच्या अखत्यारीत वायफाय आणि ओला कचरा एवढंच होतं. अशा माणसाला घरात एखादं कार्य सापडलं की तो त्याला सोडत नाही. त्या संध्याकाळी तो सेरंगूनच्या मॉलमध्ये गेला आणि जर्कीच्या फडताळापुढे उभा राहून एकेक पाकीट उलटं करू लागला. शेवटी तिथल्या मुलीला त्याची दया आली.

"अंकल, काय शोधताय?"

"ज्यात काही घातलेलं नाही असं काहीतरी."

"फळं त्या बाजूला," ती म्हणाली.

पण त्याला सापडलं. सगळ्यात वरच्या फळीवर एकच पाकीट होतं आणि त्यावर लिहिलं होतं: बीफ, मीठ, मिरी. रंग नव्हता, साखर नव्हती, नंबर नव्हते. पण गाय होती. प्रबोधच्या घरी मासे, मटण, कोंबडी सगळं चाले, गाय तेवढी नाही. त्याने पाकीट परत जागेवर ठेवलं, पण ते शब्द डोक्यातून जाईनात. मांस, मीठ, मिरी. बीफच्या जागी मटण घेतलं की झालं. एवढंच तर आहे. (प्रबोधच्या संसारातली बहुतेक संकटं 'एवढंच तर आहे' या वाक्यापासून सुरू झालेली आहेत. बाथरूमचा नळ तेव्हापासून उलटा फिरतो.)

शनिवारी सकाळी तो टेक्का मार्केटात मटणवाल्यापुढे उभा राहिला. मटणवाला भाई तमिळ, पण गिऱ्हाईक बघून हिंदी बोलायचा.

"करी कट?"

"नहीं, नहीं. पाय का. चरबी बिलकुल नहीं. एकदम पातळ और लंबा."

"कितना लंबा?"

प्रबोधला हिंदीत उदाहरण सुचेना. त्याने शर्ट वर करून कमरेचा पट्टा दाखवला. भाईने पट्ट्याकडे पाहिलं, मग प्रबोधकडे.

"खाने का है, कि पहनने का?"

दोन किलो मटण घरी आलं. मीठ, मिरी, लसूण, धणे आणि व्हिनेगर लावून पट्ट्या मुरत ठेवल्या. इथवर सगळं व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे झालं. त्या व्हिडिओतल्या माणसाकडे मात्र कपाटाएवढा ओव्हन होता. प्रबोधकडे टोस्टर ओव्हन होता, त्यात एका वेळी चार पट्ट्या मावत. दुपारभर त्याने आळीपाळीने सगळ्या पट्ट्या भाजून घेतल्या. मटण शिजलं, पण वाळलं नाही. वाळवायला अजून बारा-पंधरा तास लागणार होते, म्हणजे चार-चारच्या हिशेबाने दिवाळीच आली असती.

"बाहेर दांडीवर घालू?" त्याने विचारलं.

"इथे टॉवेल वाळत नाही प्रबोध. आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या डोक्यावर मटण पडलं तर मी तुला ओळखत नाही."

मग त्याला ती कल्पना सुचली. सिंगापूरच्या सरकारी फ्लॅटांत बॉम्ब शेल्टर म्हणून एक खोली असते. जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, लोखंडी दार. युद्ध झालंच तर कुटुंबाने आत बसायचं. युद्ध होत नाही म्हणून लोक तिथे बॅगा, व्हॅक्यूम क्लीनर आणि गणपतीचं मखर ठेवतात. प्रबोधने मखर बाहेर काढलं, आत पंखा लावला, चपला-बुटांना बुरशी येऊ नये म्हणून घेतलेलं हवा कोरडी करणारं यंत्र लावलं, आणि छताखालच्या दांडीला मोजे वाळत घालायचे चिमट्यांचे गोल हँगर टांगले. प्रत्येक चिमट्याला एक पट्टी.

अवनीने दारातून पाहिलं.

"बाबा, दॅट्स माय सॉक्स हँगर."

"धुतलाय मी."

"माय सॉक्स हाऊ?"

"दोन दिवस ओले घाल."

"सो क्रीपी, लाह," ती सिंगापुरी शेपूट लावून म्हणाली आणि मैत्रिणींना पाठवायला फोटो काढून घेतला.

रविवारी सकाळपर्यंत खरोखरच पट्ट्या वाळल्या. काळपट, ताठ, वाकवल्या तर कटकन आवाज करणाऱ्या. प्रबोध मखराला टेकून कॉफी पीत आपल्या कर्तृत्वाकडे पाहत होता, एवढ्यात संजीवनी फोन हातात घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम क्वेक येतायत. आत्ता. खाली लिफ्टपाशी आहेत."

मॅडम क्वेक म्हणजे घराची मालकीण. वय सत्तरीच्या पुढे, उंची अवनीएवढी, आणि भाडेकराराची मुदत महिनाअखेर संपत होती. तीन वर्षांपूर्वी घर दाखवताना एजंट कानाशी लागून म्हणाला होता, मॅडम कट्टर बौद्ध आहेत, शुद्ध शाकाहारी, घरात मांसमच्छी शिजलेली त्यांना खपत नाही. मी तुम्ही व्हेजिटेरियन असल्याचं सांगितलंय, तुम्ही नुसती मान डोलवा. दोघांनी मान डोलवली होती. घर उजेडाचं होतं, अवनीची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, स्टेशन पलीकडच्या रस्त्याला. असं घर पुन्हा मिळणार नव्हतं. तेव्हापासून मॅडम येणार म्हटलं की फ्रीझरमधले बांगडे शेजारी सारंगकडे जायचे, संजीवनी बटाटेवडे तळायची आणि प्रबोध घरभर उदबत्त्या लावायचा.

आज बांगडे नव्हते. दोन किलो मटण टांगलेलं होतं.

"दार लाव," संजीवनी म्हणाली. "बॉम्ब पडला तरी उघडू नकोस."

प्रबोधने लोखंडी दार ओढलं, दांडा फिरवला आणि पाच उदबत्त्या एकदम पेटवल्या. व्हिनेगर, लसूण आणि चंदन यांचा मिळून जो वास तयार झाला त्याला अजून कोणत्याही भाषेत नाव नाही.

मॅडम आल्या. चपला बाहेर काढल्या, सोफ्यावर बसल्या. त्यांचं इंग्रजी आखूड आणि नेमकं असे. मराठीत सांगायचं तर त्या म्हणाल्या, "घर छान ठेवलंय. करार पुढे चालू ठेवायला माझी हरकत नाही. आज दुसरं काम आहे. माझं माहजोंगचं टेबल शेल्टरमध्ये मागच्या भिंतीला ठेवलंय, ते न्यायचंय. बहिणी खेळायला येणार."

"मी आणून देतो घरी," प्रबोध म्हणाला. "उद्या. टॅक्सीने."

"मी आलेच आहे ना."

"दार जाम झालंय."

"मघाशी लावल्याचा आवाज आला," मॅडम म्हणाल्या. त्या उठल्या, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि त्या वयातही एका झटक्यात दार उघडलं.

आतून कोरडी गरम हवा आली. पंख्याच्या वाऱ्यावर दोन किलो मटण गोल गोल फिरत होतं. संजीवनीने डोळे मिटले. मनातल्या मनात तिने घर बदललं होतं, सामान बांधलं होतं आणि तुआसच्या कारखान्यांमागे कुठेतरी एका खोलीत ती स्वयंपाक करत होती.

मॅडम पुढे झाल्या. त्यांनी चष्मा वर केला. एक पट्टी चिमट्यातून काढून वाकवली, नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मॉक मटण," त्या म्हणाल्या. "सोयाचं. घरी केलंत? इतकं खऱ्यासारखं मी देवळातसुद्धा नाही पाहिलं."

सिंगापुरात बौद्ध देवळांपासून हॉटेलांपर्यंत सोयाचं आणि मश्रूमचं खोटं मटण सर्रास मिळतं हे प्रबोधला ठाऊक होतं. म्हणजे सुटका समोर उभी होती. त्याला काहीच करायचं नव्हतं, फक्त पुन्हा एकदा मान डोलवायची होती. संजीवनीने तर डोलवायला सुरुवातही केली होती. "सोया," ती क्षीण आवाजात म्हणाली.

मॅडमनी पट्टी तोंडाकडे नेली.

आणि प्रबोधला ते जमेना. ही म्हातारी बाई, तिचं व्रत, आणि आपण घराच्या किल्लीसाठी तिला फसवून मटण चारायचं. तो पुढे झेपावला, मॅडमच्या ओठांपासून पट्टी हिसकावली आणि घाबरून स्वतःच्या तोंडात कोंबली. अख्खी.

त्याला लगेच सगळं सांगून टाकायचं होतं. पण मटण चावलं जाईना. ते चावण्यासारखं राहिलंच नव्हतं. आत गेल्यावर ते दाढांच्या मध्ये आडवं बसलं. प्रबोधने एक बोट वर केलं, म्हणजे थांबा, सांगतो. मॅडम थांबल्या. तो चघळत राहिला. पंखा फिरत राहिला.

"तुम्हाला काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"म्मम्," प्रबोध म्हणाला.

"त्याला सोया फार आवडतं," संजीवनी म्हणाली.

प्रबोधने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. मॅडमनी दुसऱ्या पट्टीकडे हात नेला. आता शब्दांची वाट बघणं शक्य नव्हतं. सत्तावीस देशांत जहाजं पाठवणाऱ्या कंपनीच्या त्या सिस्टिम्स मॅनेजरने दोन बोटं कपाळावर शिंगांसारखी धरली, मान खाली घातली आणि भरल्या तोंडाने ओरडला, "बेंऽऽऽ."

मॅडमनी पट्टीकडे पाहिलं, प्रबोधच्या शिंगांकडे पाहिलं.

"खरं?" त्यांनी विचारलं.

"बेंऽऽ," प्रबोध म्हणाला आणि डोळ्यांत पाणी आणून मान डोलवली. (पाणी पश्चात्तापाचं होतं की मिरीचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.)

संजीवनी खाली सूटकेसवर बसली. "मॅडम, खरं मटण आहे," ती म्हणाली. "आम्ही शाकाहारी नाही. कधीच नव्हतो. चूक आमची आहे. महिनाअखेर आम्ही घर सोडू."

"कशाला?" मॅडम म्हणाल्या. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तीन वर्षं. मी येते तेव्हा तुम्ही इतका धूप लावता, एवढा तर आम्ही कोणी गेल्यावरच लावतो. आणि खाली लिफ्टमध्ये दर वेळी माशाच्या कालवणाचा वास. पण तुमचा एजंट मला म्हणाला होता, हे लोक फार कडक शाकाहारी आहेत, यांच्यासमोर मासे-मटणाचं नाव काढू नका, त्यांना वाईट वाटेल. म्हणून मी गप्प."

"पण तुम्ही तर शुद्ध शाकाहारी..."

"महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला. चिनी कॅलेंडरची. बाकीचे दिवस सगळं खाते." मॅडमनी सुस्कारा टाकला. "तीन वर्षं लिफ्टमध्ये माशाचा वास घ्यायचा, आणि वर आल्यावर काय? बटाटा. दर वेळी बटाटा."

संजीवनी हसायला लागली, ती थांबेचना. मग मॅडमही हसल्या, अवनी खोलीतून धावत आली, आणि प्रबोध मान वर करून, तोंड मिटून, दाढेत अडकलेल्या मटणासकट जमेल तसा हसला. संजीवनीने तशीच उठून सारंगकडून बांगडे परत मागवले. (ते गेल्या वेळेचे होते. सारंगने ते खाल्ले होते. त्याने बिचाऱ्याने सुरमई दिली.) दुपारी कालवण झालं, भात झाला. मॅडमनी दोनदा कालवण घेतलं, वाटी तिरकी करून प्यायल्या आणि म्हणाल्या की माहजोंगसाठी आता बहिणींना इथेच बोलवावं.

प्रबोधचं तोंड एव्हाना मोकळं झालं होतं आणि त्याबरोबर त्याचा अभिमानही परत आला होता. त्याने एका छोट्या ताटलीत जर्की मांडून आणली.

"आज एक तारीख नाही, पंधरा नाही," तो म्हणाला. "घ्या. मटण, मीठ, मिरी. आत काहीही घातलेलं नाही."

मॅडमनी एक तुकडा घेतला. बराच वेळ चावला. मग पर्समधून टिशू काढला, सभ्यपणे तोंडासमोर धरला आणि घडी करून ताटलीच्या कडेला ठेवला.

"काहीतरी घालायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात नवा करार आला. भाडं तेच, मुदत दोन वर्षं. घरात कायकाय चालणार नाही ते शेवटच्या पानावर मॅडमनी एजंटकडून नव्याने टाईप करून घेतलं होतं: फटाके, पाळीव प्राणी, आणि मिस्टर प्रबोध यांचा स्वयंपाक.

प्रबोध दुखावला. त्याने करार संजीवनीपुढे ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. संजीवनीने पान वाचलं, तिचे ओठ घट्ट मिटले, आणि तिने तडक एजंटला फोन लावला.

"यातली एक अट आम्हाला अजिबात मान्य नाही," ती करड्या आवाजात म्हणाली. "काढून टाका. नाहीतर सही होणार नाही."

प्रबोध सोफ्यावर ताठ बसला. माणूस कसाही असो, वेळ आली की बायको पाठीशी उभी राहते.

"हो," संजीवनी फोनवर म्हणाली. "मुलीला मांजर पाळायचंय."