संकासूर, सायमन आणि भिकाजीचा निबंध

सायमन कमिशन मुंबईला उतरलं त्या वर्षी भिकाजी शिमग्याला पुण्याहून रत्नागिरीला घरी आला, तो ट्रंकेत कपडे कमी आणि पेपर जास्त घेऊन! कॉलेजातल्या प्रोफेसरांनी निबंध सांगितला होता : नामांकित नटांचे प्रयोग आणि राजकारण यांची वर्तमानपत्रं कशी सांगड घालतात. आणि भिकाजीच्या मते या विषयावर अख्ख्या मुंबई इलाख्यात त्याच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता!

"आप्पा, हे ऐका!" ओटीवर कात्रणं पसरून त्याने वडिलांना सांगितलं. "नाटकात राजाचा घसा बसला. एक पेपर म्हणतो, समोर कलेक्टर होता म्हणून नटाने निषेधाचं मौन पाळलं! दुसरा म्हणतो, कलेक्टरला बघून आदराने कंठ दाटला! आणि त्याने सकाळी टोपलीभर कैऱ्या खाल्ल्या होत्या, ते एकालाही सुचलं नाही!"

आप्पा मामलेदार कचेरीत कारकून. आयुष्यभर खर्डेघाशी करून अव्वल कारकुनाची जागा आत्ता कुठे हाताशी आली होती आणि ती मामलेदारसाहेबांच्या एका शब्दावर अडली होती. कात्रणांकडे त्यांनी ताटात पाल पडावी तसं बघितलं.

"या घरात राजकारण नको! परवा साहेब आपल्याकडे पुरणपोळीला यायचेत. त्यांच्या कानावर काही वेडंवाकडं गेलं तर कॉलेज बंद! बस मग इथेच सुपाऱ्या सोलत!"

"अहो, प्रयोगात राजकारण नसतंच, हेच तर सिद्ध करतोय मी!"

आता भिकाजीला एक असा नामांकित कलावंत हवा होता, की ज्याच्या प्रयोगाला राजकारणाचा वाराही लागलेला नाही. असा माणूस एकच! देवरूखकडच्या नाचणाऱ्या खेळ्यांमध्ये संकासुराचं सोंग घेणारा केरू! काळा झगा, काळी उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं आणि हातात पिळलेल्या कापडाचा चाबूक. शिमग्यात खेळे दारोदार निघाले की बायका तान्ही पोरं आणून त्याच्या पायांवर घालायच्या. त्याचा फटका पाठीत बसला की वर्ष चांगलं जातं, असं सगळे मानत. त्यामुळे त्याला अडवायची कोणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी खेळे आंब्याखाली विसावले होते, तिथे भिकाजी कागद-पेन्सिल घेऊन हजर! केरू दाढी मानेवर टाकून विडी ओढत बसला होता.

"केरूदादा, तुमच्या काळ्या झग्याचा सायमनशी काही संबंध?"

"कोन सायमन?"

झालं! प्राध्यापकी अंगात संचारली. "अहो, विलायतेचा साहेब! आपल्याला न विचारता आला. बरोबर आपल्यातला एक माणूस नाही. गावोगाव फिरतो, प्रश्न विचारतो, लिहून घेतो. म्हणून लोक काळी निशाणं घेऊन 'सायमन, परत जा!' असं ओरडतात. तर तुमचा झगा काळा का? चाबूक कोणासाठी? नाचताना मनात कोणते विचार असतात?"

आणि हे विचारता विचारता तो कागदावर भराभर लिहूनही घेत होता! केरूने विडी विझवली. भिकाजीकडे एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली बघितलं.

"बरा बरा," तो म्हणाला. "समाजला मना."

तिसऱ्या दिवशी मामलेदारसाहेब ओटीवर पाटावर बसले. पुरणपोळीवर तुपाची धार पडली आणि अंगणात ढोल वाजला! खेळे आले. केरू असा काही नाचला, की साहेबांचा घास हातातच राहिला. आप्पांच्या चेहऱ्यावर तर बढती मिळाल्यासारखंच तेज चढलं.

भिकाजी कागद घेऊन पुढे सरसावला. "केरूदादा, एकच प्रश्न..."

केरू नाचता नाचता थबकला. चाबूक वर गेला.

"ह्योच तो! न बोलवता येतो, परश्न विचारतो, लिवून घेतो! एक मानूस संगती नाय! सायमन, परत जा!"

सट्ट! पहिला फटका पाठीत बसला. भिकाजीने तुळशीला वळसा घालून धूम ठोकली! मागे केरू, केरूच्या मागे खेळे, त्यांच्या मागे सगळी आळी! "सायमन, परत जा!" असा गजर करत मिरवणूक थेट मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत गेली. आप्पा घाईघाईने साहेबांच्या पानात आणखी एक पोळी वाढू लागले.

चार दिवसांनी मुंबईचा जहाल पेपर आला. "रत्नागिरीत काळ्या वेषात निदर्शने! मिरवणुकीच्या अग्रभागी तडफदार विद्यार्थी भिकाजी!"

"अग्रभागी!" आप्पांचा आवाज चिरकला. "ट्रंक माळ्यावर टाक! सुपाऱ्या आण!"

भिकाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं तरी काय होतं त्यात? अग्रभागी तर तोच होता! ट्रंक माळ्यावर गेली, तोच मामलेदारसाहेब दारात उभे राहिले, काखेत मवाळांचं साप्ताहिक घेऊन.

"आप्पा, धन्य तुमची! 'राजनिष्ठ कारकुनाच्या चिरंजीवांवर चाबूक!' सरकारसाठी पोराने मार खाल्ला! तुमच्या बढतीची शिफारस आजच धाडतो!"

"पण साहेब," भिकाजी चाचरत म्हणाला, "तुम्ही तर तिथेच होतात! तो नुसता शिमगा होता!"

"होतो ना. मलाही तसंच वाटलं होतं," साहेब म्हणाले. "पण पेपरात आलंय!"

ट्रंक माळ्यावरून खाली आली. आप्पांनी स्वतः तिच्यावरची धूळ झटकली. भिकाजी दोन्ही कात्रणं खिशात घालून मोटारीच्या अड्ड्यावर निघाला. निबंधाला यापेक्षा भक्कम पुरावा कुठला मिळणार?

अड्ड्यावर खेळे उभे होते. केरू झग्यासकट लगबगीने पुढे आला. चूक कळल्यामुळे बिचारा ओशाळला होता.

"वाईट वाटून घेव नका हां! पन काय वो, पेपरात आलाव म्हनतात? माजा नाव कसा लिवलानी, वाचून दाखवा की!"

भिकाजीने पहिलं कात्रण चाळलं. मग दुसरं. मग घाम पुसला.

"लिहिलंय ना... 'काळ्या वेषातील एक अज्ञात इसम'."

"अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे... कोणी ओळखत नाही असा."

"मी? केरू संकासूर? मना कोन वळकत नाय?"

चाबूक वर गेला. मोटार सुटायला अवकाश होता. आणि भिकाजी पुन्हा एकदा सगळ्यांच्या अग्रभागी होता!