पुढचे दात शाबूत

देविदास कंधारकरांना एक म्हातारी हवी होती. शिकलेली नको, गाव सोडून कधी न राहिलेली हवी, आणि तिचे पुढचे दात शाबूत हवेत. ही शेवटची अट त्यांच्या मार्गदर्शकांची. जुने उच्चार टेपवर घ्यायचे तर बोळक्या तोंडाचा काय भरवसा, असं ते म्हणत. मराठी आणि कानडी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदून एकमेकींत किती मिसळल्या, हा देविदासरावांच्या प्रबंधाचा विषय. मार्चच्या आत तो दिला नाही, तर नांदेडच्या कॉलेजातली नोकरी जाणार होती.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते, आणि पाऊस रुसला होता. उदगीरच्या पुढे, कर्नाटकच्या शिवेला टेकलेल्या एका गावात देविदासराव एसटीतून उतरले. धडधाकट माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. गावात उरली होती ती बहुतेक म्हातारी माणसंच. देविदासरावांना मनातून बरं वाटलं आणि मग तसं वाटल्याची लाजही वाटली.

सरपंच अमृतराव अगत्याचा माणूस. चहा पाजून त्यांनी काम विचारलं. देविदासराव जन्माचे लाजाळू. प्रबंधाचं नाव त्यांना घरातसुद्धा मोठ्यानं सांगवत नसे. जुन्या माणसांचे दात बघायचे आहेत, असं म्हणून ते पुढचं जुळवू लागले. ते जुळेपर्यंत अमृतरावांनी कोतवालाला हाक मारली होती. नवा जिल्हा झाला म्हणजे रोज कुठला ना कुठला साहेब येणारच. थोड्याच वेळात गावात दवंडी फिरली, की जिल्ह्याचे दाताचे डॉक्टर आलेत, म्हाताऱ्यांनी महादेवाच्या देवळापुढं जमावं.

देवळापुढं निम्मं गाव बसलं. देविदासरावांच्या हातातली टेपरेकॉर्डरची काळी पेटी आणि खिशातली बॅटरी पाहून कुणाला शंका उरली नाही.

"मी डॉक्टर झालेलो नाही अजून," ते कसंबसं म्हणाले.

"शिकाऊ असला तरी चालतंय," पुढं बसलेला रेवणप्पा म्हणाला. "पण साहेब, बाजारात बैलाचे दात बघून भाव करतेत. आमाला काय भावानं घेता?"

सगळे हसले. मागं बसलेली त्याची बायको गंगम्माही हसली, आणि देविदासराव पाहतच राहिले. भरल्या कणसासारखे दात! एकही दाणा गळालेला नाही. म्हातारी सापडली होती.

पण तिच्यापर्यंत जायच्या आधी रेवणप्पानं आ केला. एक दात लई दिवस झाले हलायलाय, म्हणाला. नाही म्हणणं देविदासरावांना कधीच जमलं नव्हतं. बघितल्यासारखं करून सुटावं म्हणून त्यांनी दाताला बोट लावलं, तर दात बोटांतच आला.

रेवणप्पानं जीभ फिरवून पाहिली. "दुखलं बी न्हाई," तो म्हणाला.

झालं. जो तो पुढं सरकू लागला. फक्त गंगम्मा उठली, तोंडाला पदर लावला आणि तडक घरी गेली. दुपारी देविदासराव तिच्या दारात जाऊन बसले. पाण्याला काय म्हणता, सुनेला काय म्हणता, असं विचारत राहिले. पदर हलला नाही. सुनेनं सांगितलं, "सासूबाई दात उपटणाऱ्यापुढं तोंड उघडणार न्हाईत." अख्ख्या गावानं त्यांच्यापुढं तोंड उघडलं होतं, हवं तेवढं सोडून. शेवटच्या एसटीनं परत जावं आणि राजीनामा लिहावा, असं त्यांनी ठरवलं.

एसटीची वाट बघत ते पारावर बसले होते, तेवढ्यात गंगम्मा आली. पदर कमरेला खोचलेला. रेवणप्पाला जेवायला बसवलं, तर ज्वारीची भाकर चावेना. त्याच एका दातावर त्याचं सगळं जेवण चाललं होतं.

तिनं सुरुवात मराठीत केली, मध्येच कानडीत गेली आणि दोन्ही हातांत दोन्ही भाषा घेऊन परत आली. देविदासरावांचे हात, त्यांचं खानदान, त्यांना शिकवणारे, नवा जिल्हा, कुणीही सुटलं नाही. देविदासरावांनी हळूच पेटी उघडून बटण दाबलं. त्यांचा चेहरा फुलत चालला.

"मावशी, ते हात झडण्याचं तेवढं परत म्हणा. जरा सावकाश."

गंगम्मानं त्यांच्या फुललेल्या चेहऱ्याकडं नीट बघून घेतलं. मग तिनं परत म्हटलं. सावकाश म्हटल्यामुळं ते जास्तच लागलं.

प्रबंध वेळेत गेला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी इतकी अस्सल बोली मिळाल्याबद्दल कौतुक केलं आणि चष्मा पुसत विचारलं, "पण उदाहरणांत सगळ्या शिव्याच का?"

"दुष्काळ होता, सर," देविदासराव म्हणाले.

कितीतरी वर्षांनी, नोकरी संपत आल्यावर, ते बांधलेला प्रबंध घेऊन त्या गावी गेले. रेवणप्पा राहिला नव्हता. गंगम्मा ओट्यावर बसली होती. तिनं प्रबंध हातात घेतला, वजन पाहिलं आणि बाजूला ठेवला.

"बरं झालं आलास. पुढचा दात हलायलाय माझा. बघ."

"मावशी, मी दातांचा डॉक्टर नव्हतो हो."

"ते मला तवाच कळलं. डॉक्टर कुठं शिव्या खाऊन हसतोय?"

"मग?"

"आमचे हे मरेस्तोवर सगळ्यांना सांगायचे. दुखलं बी न्हाई म्हणून." गंगम्मानं पदर बाजूला केला आणि तोंड उघडलं.