एडक्याची शिंक

होटगीच्या हरिबा धनगराचा एडका सकाळपासून जमिनीला नाक घासत होता, डोकं झटकत होता आणि मधूनच स्वतःभोवती गिरकी घेत होता. हरिबाने पटक्याच्या शेवाने त्याचं नाक पुसलं. हरिबाच्या बायकोने, गोजाबाईने, तळहातावर गूळ धरला. तो त्याने चाटला. शेजारचा रुद्रप्पा, स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला, वाकून निरखायला लागला आणि एडका थेट त्याच्या तोंडावर शिंकला.

"अय्यो! पिसाळलाय की ह्यो! कुत्रं चावलंय ह्याला!"

"थंडी बाधली आसंल," हरिबा पुटपुटला.

"चैताच्या उनात? आता आपल्या तिघांच्या पोटात चौदा-चौदा सुया! आमच्या गार्डाला टोचल्या, तर म्हैनाभर वाकून चालत हुता. आदी ह्याला गोळी घाला."

गोजाबाईने एडक्याच्या गळ्याला मिठी मारली. "आदी मला घाला गोळी! डाक्टरला दावल्याबिगर ह्याला कुणी हात लावायचा न्हाय."

एडक्याचं तोंड बांधून तिघं बैलगाडीने सोलापूरला निघाली. पिसाळलेल्याला पाण्याची भीती वाटते, हे रुद्रप्पाला ठाऊक होतं. म्हणून वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर तो उतरे, तांब्याभर पाणी पिई आणि विचारी, "भ्यालो का रं मी?"

"न्हाय की."

सोलापूर येईपर्यंत त्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एडक्याच्या नाकात पिचकारीने औषध सोडलं मात्र, तो दणदणीत शिंकला. टेबलावर बोटाच्या पेराएवढी जाडजूड अळी पडून वळवळायला लागली.

"हा बघा तुमचा पिसाळलेला!" डॉक्टर हसले. "एक माशी उडता उडता मेंढराच्या नाकात बारीक अळ्या सोडते. त्या आत वाढतात आणि अशा बाहेर पडतात. बरा होईल तो."

"म्हंजी सुया न्हाईत?" हरिबाने विचारलं.

"कशाला?"

हरिबाने एडक्याच्या तोंडाची दोरी सोडून टाकली. गोजाबाई रडता रडता हसायला लागली.

"माशी बसू नये म्हणून नाकाला हे डांबर चोळत जा," डॉक्टरांनी डबी दिली.

रुद्रप्पाने हळूच विचारलं, "मानसाच्या नाकात जाती का वो ती?"

"सहसा नाही."

रुद्रप्पाला 'सहसा' काही पटलं नाही.

उन्हं उतरताना गाडी होटगीत शिरली. एडका निवांत रवंथ करत होता. त्याच्याशेजारी रुद्रप्पा ताठ बसला होता, आणि दोघांचीही नाकं काळीकुळकुळीत होती.