दातारकाका पुस्तक बदलून आणतात

आमच्या सोसायटीतले दातारकाका दर शनिवारी वाचनालयात पुस्तक बदलायला जातात आणि तेच पुस्तक घेऊन परत येतात. खुनाची कादंबरी आहे. खुनी कोण हे काकांना ठाऊक आहे आणि त्यांच्या कृपेने आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे.

एकदा मी विचारलं, "काका, कंटाळा नाही येत?"

"वरणभाताचा येतो का?"

पुण्यात प्रश्नाला प्रश्नाने उत्तर मिळालं की आपण घरी जायचं असतं. मी गेले.

काकांच्या मुलाने अमेरिकेहून पुस्तकं वाचायचं यंत्र पाठवलं, आत म्हणे हजारो पुस्तकं. काकांनी दोन बटणं दाबून पाहिली. हल्ली त्यावर आमटीचं पातेलं ठेवतात.

"यांना नवीन काही चालत नाही," काकू म्हणतात. "म्हणून तर मी टिकले."

गेल्या वर्षी काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, सोमवारी. आणि नेमकं आदल्या शनिवारी आक्रीत घडलं. काकांचं पुस्तक दुसऱ्याच कुणीतरी नेलं! काकांनी वाचनालय डोक्यावर घेतलं.

"अहो, पुस्तक वाचनालयाचं आहे," तिथल्या बाई म्हणाल्या.

"असेल. वाचतो कोण?"

शेवटी बाईंनी वैतागून फोन नंबर दिला. हिंजवडीत नोकरी करणारी नागपूरची मुलगी निघाली. काका थेट माझ्या दारात.

"तू हिंजवडीलाच जातेस ना? सोमवारी सकाळी घे आणि हॉस्पिटलात आणून दे."

जणू मंडईतून कोथिंबीर आणायची होती. बायकोचं ऑपरेशन आणि या माणसाला खुनाची पडलीये! माझं डोकंच फिरलं. पण नाही कसं म्हणणार?

सोमवारी कंपनीच्या बसेसमधून वाट काढत त्या मुलीच्या ऑफिसच्या गेटवर पोचले.

"माझं अर्धंच झालं न बाप्पा! खून कोणं केला ते तरी कळू द्या न!"

मी उभ्याउभ्या खुनी सांगितला आणि पुस्तक काढून घेतलं. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. माझा नाइलाज होता.

हॉस्पिटलात काका बाकड्यावर एकटेच बसले होते. काकूंना आत नेलं होतं.

"घ्या तुमचा खुनी," मी म्हटलं, जरा जोरातच.

त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. "सकाळपासून जो येतो तो म्हणतो, बघू. डॉक्टर म्हणतात बघू, सिस्टर म्हणतात बघू. यात कुणी बघू म्हणत नाही गं."

माझा राग कुठल्याकुठे गेला. रजा टाकली आणि शेजारी बसून राहिले. काका वाचत होते, ओठ हलत होते. पान मात्र बराच वेळ तेच होतं.

दुपारी दार उघडून डॉक्टर बाहेर आले. काकांना उठवेना. "तू विचार," एवढंच म्हणाले.

मी विचारून आले. "काका, ऑपरेशन नीट झालं. काकू ठीक आहेत."

"पुन्हा सांग."

सांगितलं. पुस्तक मांडीवरून खाली घसरलं. त्यांचं लक्षही नव्हतं.

"अजून एकदा."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.