चष्मेवाल्यांची एकुलती एक वाचक

चष्मेवाल्यांच्या ब्लॉगला फक्त एकच वाचक आहे, ही गंभीर बाब जावईबापूंच्या निदर्शनास एका रविवारी जेवता जेवता आली आणि त्यांचा घास हातातच राहिला.

हा एकमेव वाचक म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण. ताई दुसऱ्या गावी लेकाकडे राहायची आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून घराबाहेर पडत नव्हती. चष्मेवाले आठवडाभरात दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांच्या गमती ब्लॉगवर लिहायचे. ताई त्या सावकाश वाचायची, पुन्हा वर जाऊन वाचायची, आणि रविवारी सकाळी फोन करून भावाला झापायची. "ते आजोबा दोनदा शिंकले हे लिहायची काय गरज होती?" अशा थाटाचा तिचा अभिप्राय असे. ब्लॉग सुरू होण्याआधी 'तब्येत कशी' आणि 'बरी आहे' एवढ्यावर दोघांचा फोन आटपायचा. आता तासभर भांडण चाले. आठवड्यातला हा आपला सर्वांत सुखाचा तास आहे, हे चष्मेवाल्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाबा, एक वाचक म्हणजे वाचक नव्हे. तो अपघात," जावईबापू म्हणाले. लोकांची ऑनलाइन वाढ करून देणं हा त्यांचा व्यवसाय होता. "तुम्ही नुसतं लिहिता. नुसतं लिहून ब्लॉग चालतो होय? प्लगइनं लागतात. ब्लॉगला जोडायचे छोटे छोटे प्रोग्रॅम."

"म्हणजे काय करायचं?"

"काही नाही. मी बसवून देतो. तुमच्या लिखाणाला हातसुद्धा लावणार नाही."

जावयाला नाही म्हणायची सोय नसते. चष्मेवाल्यांनी मान डोलावली.

पहिलं प्लगइन शीर्षकांची तपासणी करणारं होतं. 'एका बाईंचा हरवलेला चष्मा' हे शीर्षक त्याने निकृष्ट ठरवलं आणि पर्याय सुचवला: 'या सात कारणांमुळे चष्मा हरवतो, पाचवं वाचून हादराल!' आता प्रत्यक्षात कारण एकच होतं. चष्मा बाईंच्या डोक्यावर होता. उरलेली सहा कारणं चष्मेवाल्यांना घरी बसून तयार करावी लागली. पाचवं हादरवणारं हवं म्हणून त्यांनी त्यात भूकंप घातला.

दुसरं प्लगइन वाचनीयतेचं. ते प्रत्येक परिच्छेदापुढे एक ठिपका दाखवी. लाल म्हणजे अवाचनीय, नारिंगी म्हणजे सुधारणेस वाव, हिरवा म्हणजे उत्तम. चष्मेवाल्यांचा पहिला परिच्छेद लाल होता. त्यांनी वाक्यं तोडली, विशेषणं काढली, आजोबांची शिंक काढली, मग आजोबाच काढले. ठिपका नारिंगी झाला. शेवटी वैतागून त्यांनी सगळा परिच्छेद पुसला, तेव्हा तो हिरवागार झाला.

"अगं, हिरवा आला!" ते आतल्या खोलीकडे बघून ओरडले.

"त्या ठिपक्यापेक्षा गॅसकडे बघा," बायको म्हणाली. "दूध उतू चाललंय."

एवढी प्लगइनं बसल्यावर ब्लॉग साहजिकच हळू उघडू लागला. म्हणून वेग वाढवणारं प्लगइन बसवण्यात आलं. त्याने चौकशी करून असा निष्कर्ष काढला की ब्लॉगवर सर्वांत जास्त भार मजकुराचा आहे. जावईबापूंनी तोंड भरून त्याचं कौतुक केलं आणि मजकुराचा पहिला चतकोर तेवढा ठेवून बाकीचा 'पुढे वाचा' नावाच्या बटणामागे नेऊन टाकला.

त्या रविवारी ताईचा फोन आला, पण भांडण वेगळंच निघालं.

"अरे, तुझा ब्लॉग उघडला की आधी माझी परवानगी मागतो. तू जन्मात कधी माझी परवानगी मागितली नाहीस, आणि आता ही कसली?"

"नियम आहे ताई. 'स्वीकारा' म्हणायचं आणि पुढे जायचं."

"गेले ना. तर एक चौकट आली. म्हणे, पत्ता द्या, दर आठवड्याला ज्ञान पाठवू. खाली एवढंसं लिहिलं होतं, 'नको, मला अडाणीच राहायचंय.' ते दाबलं तेव्हा कुठे सुटका झाली. मी अडाणी आहे हे तू तुझ्या ब्लॉगला सांगितलंस का?"

"छे गं!"

"आणि मग सिग्नल असलेली चित्रं निवडायला लावली. मला सांग, सिग्नलचा खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही?"

उभा जन्म लोकांचे डोळे तपासण्यात गेलेल्या चष्मेवाल्यांनाही याचं उत्तर देता आलं नाही. तास त्या खांबावरच संपला. लिहिलेल्या मजकुराबद्दल ताई अवाक्षर बोलली नाही, याची त्यांना दिवसभर चुटपुट लागून राहिली.

पण आकडे मात्र फुगत चालले होते. अभ्यागतांची संख्या रोज दुप्पट होई. त्यातले बहुतेक म्हणजे या प्लगइनांचं काम नीट चाललंय का हे पाहायला येणारी दुसरी प्लगइनं होती, पण जावईबापूंच्या मते गर्दी ती गर्दी. प्रतिक्रियाही येऊ लागल्या. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक असलेले एक पोस्टमन वारले, त्यांच्यावर चष्मेवाल्यांनी डोळे पुसत चार ओळी लिहिल्या. त्याखाली लगेच उमटलं, 'अत्यंत उपयुक्त माहिती! आम्हीही करून पाहू.' त्यावर आभार मानणाऱ्या प्लगइनने चष्मेवाल्यांच्या नावाने उत्तर दिलं, 'नक्की करा आणि आपला अनुभव कळवा.' पुढे त्या दोघांची छान गट्टी जमली आणि पोस्टमन बाजूलाच राहिले.

शेवटी एवढ्या गर्दीत चोर शिरतील म्हणून सुरक्षेचं प्लगइन आलं. त्याने दुसऱ्याच दिवशी अहवाल दिला:

'एक संशयास्पद अभ्यागत आढळला आहे. तो पान उघडतो, हळूहळू खाली जातो, शेवटपर्यंत पोहोचतो, काहीही विकत घेत नाही, आणि पुन्हा वर येऊन तेच वाचतो. मानवी वाचकाचं वर्तन असं नसतं. सदर अभ्यागतास कायमची प्रवेशबंदी करण्यात आली आहे.'

"बघा!" जावईबापू विजयी मुद्रेने म्हणाले. "वेळीच पकडला."

त्या रविवारी फोन वाजला नाही. चष्मेवाले फोन समोर ठेवून बसून राहिले. त्याच्या पुढच्या रविवारीही वाजला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच फोन लावला.

"तूच हाकललंस मला," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "पडद्यावर स्पष्ट आलं, तुमचं वागणं माणसासारखं नाही. माझं काय चुकलं रे? मी वाचलंच ना?"

चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तडक मदतकक्षाशी संपर्क साधला. तिथे बसलेल्या प्लगइनने सहानुभूतीपूर्वक खुलासा केला की चाचणीपुरतं पान उघडून देता येईल, मात्र बंदी उठण्यासाठी संबंधित महिलेने सर्वसामान्य माणसाप्रमाणे वागून दाखवलं पाहिजे. म्हणजे पान उघडावं, थोडं खाली जावं, कंटाळावं आणि निघून जावं. यात सातत्य दिसलं की तिला मानवाचा दर्जा बहाल करण्यात येईल.

चष्मेवाल्यांनी फोनवरून बहिणीची शिकवणी सुरू केली.

"उघडलंस? आता बोटाने वर सरकव. थांबू नकोस. वाचू नकोस!"

"अरे, पण इथे त्या पोस्टमनचं..."

"वाचू नकोस म्हटलं ना! आता कंटाळ."

"तुझ्या लिहिण्याला कशी कंटाळू? अक्षर ओळखायला मीच शिकवलंय तुला."

"ताई, माझ्यासाठी कंटाळ."

ताई भावासाठी कंटाळली. पहिल्यांदा जड गेलं, मग सवय झाली. लवकरच तिला 'प्रमाणित मानव' अशी हिरवी खूण मिळाली. जावईबापूंनी फोनवरून अभिनंदन केलं. अट एकच होती, पुन्हा शेवटपर्यंत जायचं नाही.

"जाऊ दे तो ब्लॉग," चष्मेवाले त्या रविवारी म्हणाले. "मीच वाचून दाखवतो तुला. सगळं, आजोबांच्या शिंकेसकट." कितीतरी दिवसांनी त्यांनी ठिपके न बघता, मनाला येईल तसं लिहिलं होतं. खुर्ची पुढे ओढून, घसा साफ करून ते वाचू लागले. तिसऱ्या वाक्याला पलीकडून ताईचा आवाज आला, "छान," आणि फोन बंद झाला.

त्यांनी पुन्हा लावला.

"रागावू नकोस रे," ताई ओशाळून म्हणाली. "बोट आपोआप जातं आता. काल लेक काहीतरी मनातलं सांगत होता, तर मी त्याच्या तोंडासमोर बोट वर सरकवलं."

चष्मेवाल्यांना रडू आलं. हातातले कागद त्यांनी तसेच टेबलावर ठेवले. संध्याकाळी सुरक्षा प्लगइनचा अहवाल आला: 'अभिनंदन! आपला ब्लॉग संपूर्ण सुरक्षित आहे. शेवटपर्यंत वाचणारं कोणीही आता उरलेलं नाही.'

ही हकीकत मात्र कोणीतरी इथवर वाचत आलेलं दिसतंय. आपल्या वर्तनाची नोंद घेण्यात आली आहे. आपण माणूस असल्याचा काही पुरावा असल्यास कृपया जवळ बाळगावा.