‘जे होतं ते’ची अधिकृत कृती

आमच्या कार्यालयात जमिनीचे जुने नकाशे सांभाळून ठेवले जातात. कोणी मागितले तर ते सहसा सापडत नाहीत, पण ते सुरक्षित आहेत याबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही. येथे त्रेचाळीस माणसे काम करतात. त्या सर्वांचे दुपारचे जेवण तळमजल्यावरच्या उपाहारगृहात काकू करीत असत. मी येथील मुख्य लिपिक. पुढे जे घडले त्यातील आमच्याकडून निघालेल्या प्रत्येक कागदाचा मसुदा माझ्या हातचा आहे, त्यामुळे हकिकत अचूक आहे याची वाचकांनी खात्री बाळगावी.

काकू पन्नाशीच्या, ठेंगण्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सतरा वर्षे त्यांनी आमची पोटे सांभाळली. कोणाला तिखट सोसत नाही, कोणाचे दात पडले आहेत, कोण घरी भांडून आलेला आहे आणि म्हणून त्याला आज थोडे जास्त वाढायचे, हे सारे त्यांच्या डोक्यात असे. लेखी काहीच नव्हते. सारा घोळ तिथूनच सुरू झाला.

एका मंगळवारी सामानाची गाडी आली नाही. गाडीवाल्याचा फोन आला की गिअरबॉक्स गेला आहे, आता उद्याच. नेमके त्याच दिवशी मुख्यालयातून मोठे साहेब तपासणीला आले होते. आमच्या साहेबांचा चेहरा पडला. ते स्वतः खाली गेले. काकू फ्रीझरमध्ये डोके घालून उभ्या होत्या.

“काकू, बाहेरून काही मागवू का?”

“कशाला? वीस मिनिटं द्या. आणि मधेमधे येऊ नका.”

आदल्या दिवशीचा भात उरला होता. फ्रीझरमध्ये मटारची एक फाटलेली पिशवी होती, फळीवर टोमॅटोचे आणि चण्यांचे काही डबे होते, अंडी होती. चीजची टोके वाळून कडक झाली होती, ती त्यांनी किसली. कांदे संपले होते. एक अर्धा कोणीतरी वाटीखाली झाकून ठेवला होता, तोही चिरला. बरोबर विसाव्या मिनिटाला ताटे लागली.

मोठे साहेब दोनदा वाढून घेऊन जेवले. शेवटी पावाच्या तुकड्याने त्यांनी ताट इतके स्वच्छ पुसले की ते धुवायचे की नाही असा प्रश्न पडावा. मग त्यांनी विचारले, “काय म्हणतात याला?”

“काही नाही साहेब,” काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, “जे होतं ते.”

मोठ्या साहेबांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेतले : जे-होतं-ते. उत्तम.

पंधरा दिवसांनी परिपत्रक आले. विभागाच्या सर्व कार्यालयांत दर मंगळवारी ‘जे होतं ते’ हा पदार्थ देण्यात यावा, आणि त्याची कृती आमच्या कार्यालयाने विहित नमुन्यात तात्काळ सादर करावी. मी नमुना घेऊन खाली गेलो.

“काकू, भात किती घेतला होता?”

“उरला होता तेवढा.”

“मटार?”

“पिशवीत होते तेवढे.”

“बरं, मीठ?”

“चवीपुरतं.”

“कोणाच्या चवीपुरतं?”

काकूंनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. “भाऊ, तुमचं जेवण झालंय ना?”

नमुन्यात ‘होते तेवढे’ असा रकाना नव्हता. म्हणून प्रत्यक्ष पाहणीसाठी तिघांची समिती आली. तिघे तीन खुर्च्यांवर बसले आणि काकूंनी त्यांच्यासमोर पुन्हा ‘जे होतं ते’ केले. त्या दिवशी घरात, म्हणजे कार्यालयात, मटार नव्हते. गाजरे होती आणि गोठवलेला पालक होता. समितीने पोटभर जेवून निष्कर्ष काढला की सदर पदार्थ चविष्ट आहे, परंतु तो ‘जे होतं ते’ नाही.

तेव्हा तो मंगळवार जसाच्या तसा उभा करणे हाच मार्ग उरला. मी आठवून आठवून लिहिले, समितीने वजने ठरवली आणि अधिकृत कृती तयार झाली. ती अठरा पानांची होती.

पहिली अडचण उरलेल्या भाताची. सोमवारी भात मुद्दाम जास्त शिजवायचा आणि उरवायचा, असे ठरले. पहिल्या सोमवारी चहाच्या वेळी नोंदणी शाखेतल्या दोघांनी तो संपवला. भात उरला नाही, आणि न उरलेला भात चालत नाही. पुढच्या सोमवारपासून भाताच्या पातेल्याला कुलूप आले आणि पहारेकऱ्याची खुर्ची नकाशांच्या दालनासमोरून उचलून फ्रीजसमोर ठेवण्यात आली.

कांदा अर्धाच हवा होता. बाजारात कांदा अख्खा मिळतो. म्हणून प्रत्येक कांद्याचे ‘वापरावयाचा अर्धा’ आणि ‘न वापरावयाचा अर्धा’ असे दोन भाग पडले, आणि दुसऱ्या भागाची विल्हेवाट दोन साक्षीदारांसमोर लावावी असे ठरले. मटारची पिशवी कारखान्यातून बंद येई. कृतीत ती ‘फाटलेली’ होती. ती फाडण्याचे अधिकार माझ्याकडे आले. दर मंगळवारी साडेअकराला मी खाली जाऊन पिशवी फाडत असे आणि फाडल्याची सही करीत असे. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत मला कामावर यावेसे वाटे.

मात्र कृतीची पहिलीच ओळ होती : ‘गाडी न आल्यास.’ आणि गाडी तर दर मंगळवारी येऊ लागली होती. ती आली की पदार्थ नियमाने करताच येईना. तेव्हा गाडीवाल्याला लेखी आदेश गेला की मंगळवारी येऊ नये. माणूस सरळ होता. तो मंगळवारी रस्त्याच्या पलीकडे गाडी उभी करी, बॉनेट वर करी आणि अकरा वाजता आमच्या साहेबांना फोन लावी.

“साहेब, गिअरबॉक्स गेला.”

“दुरुस्त कधी होणार?”

“कागदावर चार लिहिलेत.”

चारला तो बॉनेट खाली करून घरी जाई.

जेवणाचे काय, असे कोणी विचारेल. जेवण नियमाप्रमाणे होत होते. अभिप्रायाच्या कागदावर एकच प्रश्न होता : पदार्थ कृतीनुसार आहे काय? आम्ही सगळे ‘होय’ लिहीत होतो, आणि मंगळवारी घरून डबा आणत होतो. एकदा काकू पातेल्यात डाव फिरवताना मला म्हणाल्या, “भाऊ, हा भात उरलेला नाही. हा ठेवलेला आहे. फरक पडतो.” मी ते टिपून घेतले आणि कोणत्याच धारिकेत बसेना म्हणून फाडून टाकले.

पुढे आणखी एक पत्र आले. आयत्या वेळचा स्वयंपाक हे कौशल्याचे काम असल्यामुळे तो करणाऱ्याकडे तसे प्रमाणपत्र असणे आवश्यक आहे. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम, शेवटी परीक्षा. काकूंनी सतरा वर्षांनी पहिल्यांदा वही विकत घेतली. त्यांच्या लेकीने तिला कव्हर घालून दिले. परीक्षेला साहित्य नऊ वाट्यांत मोजून मांडलेले होते. काकूंचा हात भराभर चालला. सगळे छान जमत आले होते, आणि तेवढ्यात त्यांची नजर मोरीच्या कडेला गेली. तिथे एक मलूल गाजर पडले होते.

“वाया जाईल बिचारं,” असे म्हणत त्यांनी ते धुतले, चिरले आणि कढईत टाकले.

काकू नापास झाल्या. परीक्षकांचा शेरा मीच टाइप केला : ‘उमेदवाराची आयत्या वेळी बदल करण्याची प्रवृत्ती असल्यामुळे आयत्या वेळच्या स्वयंपाकास अपात्र.’

त्यांना भांडी घासण्याच्या कामावर नेमण्यात आले. त्यांच्या जागी प्रमाणपत्र असलेला एक तरुण तज्ज्ञ आला. स्वच्छ ॲप्रन, वरच्या खिशात दोन पेने, स्वभावाने गरीब. ज्या दिवशी तो रुजू झाला त्या संध्याकाळी काकू माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“भाऊ, मला अपात्र ठरवलं त्या कागदावर सही कोणाची होती?”

“साहेबांची.”

“आणि लिहिला कोणी?”

“टाइप केलेला होता, काकू.”

“तेच विचारते. टाइप कोणी केला?”

मी धारिकेची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. काकू माझ्या टेबलावरचा चहाचा रिकामा कप उचलून घेऊन गेल्या. आता ते त्यांचे काम होते.

मग एका गुरुवारी गाडी खरोखरच बंद पडली. गाडीवाल्याने फोन केला. साहेबांनी त्याला झापले, “आज गुरुवार आहे! आज तुझा गिअरबॉक्स जात नाही!” आणि फोन ठेवून दिला. त्यामुळे एक वाजेपर्यंत कोणीच काही हालचाल केली नाही. एकला आम्ही खाली गेलो, तर चूल थंड. तज्ज्ञ उघड्या फ्रीझरसमोर यादी घेऊन उभा होता.

“साहेब, साहित्य शून्य.”

साहेबांनी आत डोकावले. “मग हा मका? हा पालक? हे पाव? आणि त्या फळीवरची डाळ, शेवया?”

“ते यादीत नाही, साहेब. आणि गुरुवार असल्यामुळे भातही उरवलेला नाही.” त्याने यादी साहेबांपुढे धरली. “मला दुसरं काही शिकवलंच नाही हो.”

साहेब मोरीपाशी गेले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. “काकू, काहीतरी बघा ना.”

काकूंनी नळ बंद केला. “मी अपात्र आहे, साहेब.”

“अहो, मी सांगतोय ना.”

“लेखी द्या.”

मी तिथेच, डब्याच्या झाकणावर कागद ठेवून मसुदा केला. पण अपात्र व्यक्तीला परवानगी द्यायची तर ती मुख्यालयाने द्यायची. मुख्यालयाला फोन लावला. तिथले सगळे जेवायला गेले होते. अडीचला कोणीतरी उचलला आणि सांगितले की आयत्या वेळच्या जेवणाचा अर्ज पंधरा दिवस आधी करावा लागतो.

तोवर माणसे जिन्यावर ओळीने बसली होती. आमच्या म्हाताऱ्या शिपायाला साखरेचा त्रास, जेवण चुकले की ती एकदम उतरते. त्याचे हात थरथरू लागले होते आणि तो ते मांडीखाली दाबून लपवत होता. काकूंनी ते पाहिले. त्यांनी मसुद्याची वाट पाहिली नाही. तज्ज्ञाला म्हणाल्या, “बाळा, ती मोठी कढई उतरव. आणि ती यादी खिशात घाल, नाहीतर भिजेल.”

आधी त्यांनी शिपायाला साखर घातलेले दूध दिले. मग डाळ चढली, शेवया मोडून भाजल्या गेल्या, मका आणि पालक बर्फासकट कढईत पडले, पाव तव्यावर कुरकुरीत झाले. पाऊण तासाने आम्ही जेवत होतो. साहेब उभ्याउभ्या जेवले. तज्ज्ञ दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाला, “काकू, हे किती वेळ शिजवलं?”

“शिजेपर्यंत.”

तो हसला. त्याला मी पहिल्यांदाच हसताना पाहिले.

चौकशी लागणे क्रमप्राप्त होते. यादीबाहेरचे साहित्य, अपात्र हात, मंगळवार नसलेला दिवस. प्रत्येकाला एक छापील प्रश्न आला : त्या दिवशी आपण सदर अन्नाचे सेवन केले काय? ‘होय’ लिहिणाऱ्याला पुढे चार पुरवणी प्रश्न होते. ‘नाही’ लिहिणाऱ्याला सहीची जागा होती.

साहेबांनी ‘नाही’ लिहिले. नोंदणी शाखेतल्या एकाने लिहिले की मी ताटासमोर बसलो होतो, परंतु जेवलो किंवा कसे ते स्मरत नाही. शिपायाला लिहिता येत नसल्यामुळे त्याच्या वतीने मी ‘नाही’ लिहिले आणि अंगठा घेतला. त्याने विचारले, “काय लिहिलंत साहेब?” मी सांगितले, “तुमच्या भल्याचंच.” माझ्या स्वतःच्या कागदावर मी पोट बिघडल्याचे कारण दिले. एकट्या तज्ज्ञाने लिहिले, ‘होय. दोनदा.’ पण तो कायम झालेला नसल्यामुळे त्याचे निवेदन ग्राह्य धरता आले नाही.

अशा रीतीने त्या दिवशी कोणीही जेवले नाही हे सिद्ध झाले. कोणी जेवलेच नाही म्हणजे अन्न वाया गेले, आणि वाया घालवले ते काकूंनी. खुलासा मागणारे पत्र मीच खाली नेऊन दिले. काकूंनी चष्मा सावरून ते दोनदा वाचले. मला वाटले, रडतील. त्या हसल्या. म्हणाल्या, “अक्षर... नाही, टाइप छान करता हो तुम्ही.” मग उपाहारगृहाच्या किल्ल्या मोरीच्या कट्ट्यावर ठेवल्या, ॲप्रन घडी करून तज्ज्ञाच्या हातात दिला आणि गेल्या. खुलासा अद्याप अप्राप्त आहे.

आता त्या दोन गल्ल्या सोडून एका पाळणाघरात स्वयंपाक करतात. तिथली मुले जेवून झाले की रिकामी ताटली डोक्यावर धरून दाखवतात, एवढाच अभिप्राय. मी रोज घरी जाताना त्या खिडकीवरून जातो. वास येतो. आत गेलेलो नाही.

तर प्रकरण बंद करण्यापूर्वी एक शेवटची औपचारिकता उरली आहे. वाचक या नात्याने आपण संपूर्ण घटनेच्या वेळी उपस्थित होतात. भात कुलूपबंद झाला तेव्हा आपण हसलात, गाजराच्या वेळीही हसलात, आणि शिपायाचा अंगठा घेतला तेव्हा काहीच न बोलता पुढची ओळ वाचलीत. आपल्या नावापुढे मी ‘नाही’ लिहून ठेवले आहे. हरकत असल्यास कळवावे, पण लेखी.